अकाली थांबलेला गज
(जॅकलिन द्यू प्रे : एका कलावतीचे जीवन आणि तिचा आजार)

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आपल्या वार्षिकांकात थोरामोठ्यांची चरित्रे दरवर्षी येतात. समाजसुधारक, संत, स्वातंत्र्यसैनिक, शास्त्रज्ञ यांच्याविषयी आपण भक्तिभावाने लिहितो आणि वाचतो. या वेळी मी ज्या स्त्रीविषयी लिहिणार आहे, तिचे नाव नवापुरात फारसे कोणी ऐकले नसेल. मीही दीड वर्षापूर्वी ऐकले नव्हते. ती इंग्लंडची, वाजवायची ते वाद्य आपल्याकडे पाहायलाही मिळत नाही, आणि तिला जाऊनही आता किती तरी वर्षे झाली. मग तिची आठवण इथे रंगावलीच्या काठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी देईन. आधी तिची ओळख करून घेऊ या.

जॅकलिन द्यू प्रे हिचा जन्म २६ जानेवारी १९४५ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडिलांचे नाव डेरेक, आईचे आयरिस. आई उत्तम पियानो वाजवीत असे व शिकवीतही असे. थोरली बहीण हिलरी बासरी शिकली. धाकटा भाऊ पिअर्स. घरात पैशापेक्षा सुरांची श्रीमंती अधिक. जॅकलिन चार वर्षांची असताना तिने रेडिओवर निरनिराळ्या वाद्यांचा एक कार्यक्रम ऐकला. त्यातील एका वाद्याच्या खर्जातल्या, माणसाच्या गळ्याशी जवळीक सांगणाऱ्या आवाजाने ती जागच्या जागी खिळली आणि मला तेच वाद्य हवे असा तिने आईपाशी हट्ट धरला. ते वाद्य म्हणजे चेलो.

चेलो हे व्हायोलिनच्या घराण्यातील थोरले भावंड. ते खांद्यावर धरता येत नाही. वादक खुर्चीवर बसतो, वाद्य दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभे धरतो, उजव्या हाताने तारांवरून गज फिरवतो आणि डाव्या हाताची बोटे तारांवर दाबून सूर काढतो. आपल्या सारंगीप्रमाणे याही वाद्याला पडदे नसतात. बोट केसाएवढे जरी इकडेतिकडे झाले तरी सूर बिघडतो. म्हणजे सारा खेळ बोटांच्या टोकांना होणाऱ्या जाणिवेचा. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे या मुलीचे दैव नेमके याच जागी फिरले.

आईने मुलीचा हट्ट पुरवला. तिच्यासाठी आईने स्वतः छोट्या छोट्या चिजा रचल्या, त्या कागदावर लिहिल्या, भोवती चित्रे काढली आणि रात्री ते कागद तिच्या उशाशी ठेवले. सकाळी उठल्याबरोबर लेक आधी चेलोकडे धावायची. पाचव्या वर्षी तिचे रीतसर शिक्षण सुरू झाले. १९५५ साली, दहाव्या वर्षी, तिला विल्यम प्लीथ हे गुरू लाभले. त्यांच्यावर तिची पित्यासारखी माया होती. १९५६ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, तिने गिलेर्मिना सुज्जिया या थोर चेलोवादिकेच्या नावाने ठेवलेले पारितोषिक मिळवले. परीक्षकांत जॉन बार्बिरोली हे नामांकित वाद्यवृंद-संचालक होते. या मुलीशी आपले नाव पुढे कायमचे जोडले जाणार आहे, याची त्यांना तेव्हा कुठून कल्पना असणार!

१ मार्च १९६१ रोजी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये तिचा पहिला मोठा जाहीर कार्यक्रम झाला. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आपण त्या वयात अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभे असतो. दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, तिने रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एडवर्ड एल्गार यांचा चेलो कन्चेर्टो वाजवला. कन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यातील संवाद. एल्गार यांनी ही रचना पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी केली. तीत उतारवयाचे दुःख आहे, गेलेल्या दिवसांची हळहळ आहे. पहिल्या प्रयोगाला पुरेसा सराव नव्हता, म्हणून तो फसला होता. बासष्ट वर्षांच्या माणसाचे ते दुःख एका कोवळ्या मुलीने असे वाजवले की ऐकणारे थक्क झाले. ऑगस्ट १९६५ मध्ये, विसाव्या वर्षी, तिने बार्बिरोली यांच्या संचालनाखाली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर त्याचे ध्वनिमुद्रण केले. ते आजही ऐकले जाते. एल्गार म्हटले की जॅकलिन आणि जॅकलिन म्हटले की एल्गार, असे समीकरणच झाले.

पुढची वर्षे वैभवाची होती. पॅरिसला पॉल तॉर्तलिए यांच्याकडे आणि १९६६ मध्ये मॉस्कोला रोस्त्रोपोविच यांच्याकडे ती शिकून आली. १७१२ साली स्ट्राडिव्हारी यांनी घडवलेला 'दाविदोव्ह' नावाचा चेलो तिच्या हाती आला. १९६६ च्या नाताळात तिची डॅनियल बॅरेनबॉइम या तरुण पियानोवादकाशी भेट झाली आणि १५ जून १९६७ रोजी जेरुसलेममध्ये दोघांचे लग्न झाले. त्यासाठी तिने ज्यू धर्म स्वीकारला. या लग्नाला आपल्या मुंबईचा एक पारशी तरुण हजर होता. तो म्हणजे झुबिन मेहता. १९६९ साली बॅरेनबॉइम, जॅकलिन, इत्झाक पर्लमन, पिंकास झुकरमन आणि झुबिन मेहता या पाच मित्रांनी लंडनमध्ये शूबर्टची एक रचना एकत्र वाजवली. त्यावर काढलेला चित्रपट मी पाहिला आहे. तालमीच्या वेळी ही मंडळी एकमेकांची वाद्ये हिसकावून घेतात, थट्टा करतात, पोट धरून हसतात. जॅकलिन तेव्हा चोवीस वर्षांची होती. भुरे लांब केस, गजाबरोबर डोलणारे सगळे अंग! दुःखाची सावलीसुद्धा त्या चित्रात कुठे नाही.

आणि मग १९७१ साल उजाडले.

तिच्या बोटांची जाणीव कमी होऊ लागली. गजाचे वजन हाताला कळेना. थकवा इतका की काही कारण सापडेना. सव्वीस वर्षांच्या, दिसायला धडधाकट मुलीला असे काही होते आहे यावर विश्वास कोण ठेवणार? मनावरचा ताण, अतिश्रम, कमकुवत नसा अशी निदाने झाली. तिचे दुखणे मनाचे आहे असेच बहुतेकांना वाटले. तिला स्वतःलाही तसेच वाटू लागले असावे. सन १९७१-७२ मध्ये तिने कार्यक्रमांतून जवळजवळ रजाच घेतली. पण या दुखण्याची रीत मोठी फसवी. ते मधूनच मागे सरते. डिसेंबर १९७१ मध्ये बोटांत पुन्हा बळ आले आणि तिने पतीबरोबर शोपँ व फ्रँक यांच्या रचनांचे ध्वनिमुद्रण केले. सर्वांना वाटले, संकट टळले. ते तिचे स्टुडिओतील शेवटचे ध्वनिमुद्रण ठरले.

१९७३ च्या आरंभी ती पुन्हा रंगमंचावर आली. फेब्रुवारीत लंडनमध्ये झुबिन मेहतांच्या संचालनाखाली तिने एल्गार वाजवला. लंडनच्या रसिकांनी तिचा एल्गार ऐकला तो तेव्हा शेवटचा. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली झुकरमनबरोबर ब्राह्म्सच्या रचनेचे चार कार्यक्रम ठरले होते. बोटांना तार कळत नव्हती. बोट कुठे पडते आहे ते डोळ्यांनी पाहून पाहून तिने तीन कार्यक्रम पार पाडले. चौथा तिला करता आला नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये निदान झाले : मल्टिपल स्क्लेरोसिस. तेव्हा तिचे वय होते अठ्ठावीस वर्षे!

आता या आजाराविषयी थोडे. आपण बहुतेक शेतकऱ्यांची मुले आहोत, म्हणून विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घेते. मोटार चांगली, पाणी भरपूर, वीजही आलेली. पण खांबापासून मोटारीपर्यंतच्या वायरीचे वरचे आवरण उंदराने कुरतडले तर काय होते? मोटार कधी चालते, कधी घरघरते, कधी बंद पडते. आपल्या मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून जाणाऱ्या मज्जातंतूंवरही असेच एक स्निग्ध आवरण असते. त्याला मायलिन म्हणतात. या आजारात बाहेरचा उंदीर येत नाही. रोगजंतूंपासून आपले रक्षण करणारी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती चुकून त्या आवरणावर तुटून पडते. राखणदारानेच घर फोडावे तसे! मग आवरणावर जागोजाग चट्टे पडतात. चट्टा डोळ्याच्या तंतूवर पडला तर दृष्टी अंधुक होते, मज्जारज्जूवर पडला तर पाय जड होतात, मुंग्या येतात, तोल जातो. वायर नुसती उघडी पडली असेल तर ती काही अंशी पुन्हा झाकली जाते आणि माणूस बरा झाल्यासारखा दिसतो. आतली तारच तुटली तर ती पुन्हा जोडली जात नाही.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉ. शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे पहिले स्पष्ट वर्णन केले. पण आजार त्याआधीही होताच. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्ट याला १८२२ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, पहिल्यांदा दिसेनासे झाले. ते आपोआप बरे झाले, पुन्हा झाले, मग पायांची शक्ती गेली. हे सारे तो रोजनिशीत लिहीत राहिला. १८४८ मध्ये, चौपन्नाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या हयातीत त्याच्या आजाराला नावही नव्हते. आज डॉक्टर त्याची रोजनिशी वाचून हा आजार ओळखतात.

राजाचा नातू आणि जॅकलिन, दोघेही ऐन तारुण्यात सापडले हा योगायोग नव्हे. हा आजार बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पटींनी अधिक होतो. २०२० च्या सुमारास जगात सुमारे २८ लाख लोकांना तो होता. तो संसर्गाने पसरत नाही. बाहेरची बाधा, करणी, शाप यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. आईबापांकडून तो सरळ येत नाही, घराण्यात थोडा अधिक कल असू शकतो इतकेच. आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत असलेल्या सिकलसेलशी ताडून पाहिले की फरक कळतो. सिकलसेल जन्माबरोबर रक्तातून येतो आणि लहानपणीच त्रास देऊ लागतो. हा आजार वीस-पंचवीस वर्षे धडधाकट जगू देतो आणि मग दार ठोठावतो.

तो कोणत्या वयात दार ठोठावतो, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

थोड्या रुग्णांना, म्हणजे शंभरात तीन ते पाच जणांना, तो अठरा वर्षांच्या आतच होतो. मुलांमध्ये तो जवळजवळ नेहमी झटक्यांच्या रूपात येतो. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. मुलांना झटके मोठ्यांपेक्षा अधिक येतात, पण कोवळे शरीर त्यातून लवकर सावरते. त्यामुळे अपंगत्वाच्या ज्या पायरीवर प्रौढ रुग्ण पोहोचतो, तिथे पोहोचायला त्यांना सुमारे दहा वर्षे अधिक लागतात. वाचून बरे वाटते ना? पण हिशेब पुरा करावा. सुरुवातच इतकी आधी झालेली असते की ती पायरी येते तेव्हा त्यांचे वय प्रौढ रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमीच असते. शिवाय वाढत्या मेंदूवर घाव पडल्याने अभ्यास आणि स्मरण यांवरही परिणाम होऊ शकतो.

विशी-तिशीत सुरू होणारा आजारही बहुधा झटक्यांचाच असतो. हे शिक्षणाचे, नोकरीचे, लग्नाचे, बाळंतपणाचे वय. गरोदरपणात झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत ते वाढू शकतात. म्हणून तरुण स्त्रीचे औषध ठरवताना तिला मूल केव्हा हवे आहे, हेही डॉक्टरांना विचारावे लागते. चाळिशीच्या पुढे आजाराचे रूप पालटू लागते. पन्नाशीनंतर सुरू झाला तर झटके कमी असतात, पण पाय हळूहळू आणि न थांबता जड होत जाण्याचा प्रकार अधिक दिसतो. वय झालेल्या मज्जातंतूंची डागडुजी करण्याची शक्ती घटलेली असते, म्हणून अपंगत्वही लवकर येते. त्यातून घरचे लोक म्हणतात, वय झाले, गुडघे गेले! म्हणजे तरुणाचे दुखणे ढोंग ठरते आणि वृद्धाचे म्हातारपण. दोघांचेही निदान लांबते.

उपचारांनाही वयाची अट आहे. आज मिळणारी मुख्य औषधे प्रतिकारशक्तीच्या चुकीच्या हल्ल्याला आवर घालतात. तुटलेली तार ती जोडू शकत नाहीत. म्हणून आजार झटक्यांच्या अवस्थेत असताना, वय कमी असताना आणि नुकसान थोडे असताना ती सर्वांत अधिक उपयोगी पडतात. वय वाढते तसा त्यांचा फायदा घटत जातो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. उतारवयातील रुग्णाचे झटके बरीच वर्षे थांबलेले असतील तर औषध बंद करावे का, याचा डॉक्टर विचार करतात. तरुणाच्या बाबतीत मात्र बरे वाटते म्हणून औषध सोडणे म्हणजे पाऊस थांबला म्हणून घराचे छप्पर काढून ठेवण्यासारखे आहे.

आता पुन्हा जॅकलिनकडे वळू या. तिच्या वाट्याला यातले काय आले? १९७३ मध्ये एम. आर. आय. नव्हता. या आजाराचे चट्टे त्या यंत्राने दिसू लागले ते १९८१ पासून. झटक्याचा जोर कमी करणारी स्टिरॉइडसारखी औषधे होती, पण पुढचा झटका टाळणारे काही नव्हते. तिचा आजार विशेष उग्र निघाला. सगळ्यांचा तसा नसतो, हे मुद्दाम सांगायला हवे. कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे चालते-फिरते राहतात. तिला मात्र काही वर्षांतच चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. हात थरथरू लागले, दृष्टी मंदावली, पुढे बोलणेही कठीण झाले.

तरीही ती गप्प बसली नाही. जे हातांना करता येईना ते तिने शब्दांनी केले. शिष्यांना घरी बोलावून शिकवले. चेलो हाती न धरता, नुसते गाऊन आणि सांगून, सूर कसा लावायचा ते ती त्यांच्याकडून करवून घेई. प्रोकोफिएव्ह यांच्या 'पीटर अँड द वुल्फ' या मुलांच्या संगीतकथेचे निवेदन तिने केले. आजार झाकून न ठेवता ती चारचौघांत वावरली आणि त्यामुळे या अनोळखी रोगाचे नाव इंग्लंडमध्ये लोकांपर्यंत पोहोचले. १९७६ मध्ये ब्रिटिश सरकारने तिला ओ. बी. ई. हा किताब दिला. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी लंडनमध्ये तिने देह ठेवला. वय बेचाळीस. त्यांपैकी जेमतेम बारा वर्षे तिला रंगमंच लाभला आणि निदानानंतरची चौदा वर्षे वाद्यावाचून काढावी लागली. तिचा दाविदोव्ह चेलो पुढे यो-यो मा या वादकाच्या हाती गेला. १९९५ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट हिल्डाज कॉलेजमध्ये तिच्या नावाने संगीतगृह उघडले.

तिच्या मृत्यूनंतर अवघ्या सहा वर्षांनी, १९९३ मध्ये, झटके कमी करणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मान्य झाले. २०१० मध्ये पोटात घेण्याची पहिली गोळी, फिंगोलिमोड, आली आणि २०१८ मध्ये तीच दहा वर्षांवरील मुलांसाठीही मान्य झाली. २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅब आले. सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारावर मान्य झालेले ते पहिले औषध. २०२२ मध्ये एपस्टाइन-बार नावाच्या एका सर्वसाधारण विषाणूचा या आजाराशी घट्ट संबंध असल्याचा भक्कम पुरावा पुढे आला. जॅकलिन पंचवीस-तीस वर्षांनी उशिरा जन्मली असती तर? इतिहासात जर-तरला अर्थ नसतो, हे आम्हाला शिकवले आहे. तरीही मन विचारल्यावाचून राहत नाही.

हा आजार थंड देशांतला, गोऱ्यांचा, असा आपल्याकडे पूर्वी समज होता. तो दूर करणाऱ्यांत मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९२५ चा, आपल्या शेजारच्या सुरतेचा. ज्या ताप्ती लाइनवर आपले नवापूर आहे, तिच्या टोकाचे ते शहर. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी मेंदूविकारांवर आयुष्यभर काम केले आणि भारतातील पारशी समाजात हा आजार इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो, हे १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दाखवून दिले. १९८५ मध्ये मुंबईत या रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वात या आजाराचा समावेश आहे. सिकलसेलही त्याच यादीत आहे. म्हणजे हा आजार आता आपल्याकडेही परका राहिलेला नाही.

आणि आता सुरुवातीला दिलेला शब्द पाळते.

माझ्या मामांची मुलगी माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे. आम्ही तिला ताई म्हणतो. तीन वर्षांपूर्वी तिला एका डोळ्याने धूसर दिसू लागले. महिन्याभरात आपोआप बरे झाले. कोणी डॉक्टरकडे नेले नाही. दुसऱ्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत तिचे पाय जड झाले. फडात ती मोळी घेऊन दोनदा पडली. लोक म्हणाले, कामाचा कंटाळा. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे, भगताला दाखवा. कोंबडे झाले, नारळ झाला. योगायोगाने महिन्याभरात पाय सुधारले आणि भगताचा मान वाढला. मी तेव्हा बारावीत होते, घरात सर्वांत जास्त शिकलेली. मी काय म्हणाले? मीही म्हणाले की ताई नखरे करते. हे वाक्य मला आता परत घेता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

तिसऱ्या वेळी मामांनी तिला रेल्वेने सुरतेला नेले. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एम. आर. आय. काढायला लावला. परत आल्यावर मामांनी तो कागद माझ्या हाती दिला आणि वाचून दाखव म्हणाले. आमच्या घरात इंग्रजी कागद वाचणारी मी पहिलीच. रोगाचे नाव मी अडखळत वाचले. अर्थ मला कळला नाही आणि कळला नाही असे सांगायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले, सरांना विचारले, शोध घेता घेता जॅकलिनचे नाव सापडले. त्या रात्री मोबाइलवर तिचा एल्गार ऐकला. ते संगीत मला समजले असे म्हणणार नाही. आमच्या कानांना पावरी आणि ढोल ठाऊक. पण गज पहिल्यांदा तारेवर पडला तेव्हा मला ताई आठवली, फडात पडून उठताना कोणाकडे न पाहणारी.

ताईचे उपचार आता सुरू आहेत. गेले सहा महिने तिला काहीच त्रास नाही. ती चुलीपाशी बसते, शेतावर जाते, हसते. आणि म्हणूनच घरात आता वेगळी चर्चा चालते. मुलगी बरी झाली, मग इतके महाग औषध कशाला? सुरतेच्या खेपा कशाला? स्थळ आले आहे, कागदपत्रे लपवून ठेवा. मामा वाईट नाहीत. त्यांच्याजवळ दोन एकर जमीन आणि एक बैलजोडी आहे. त्यांचा हिशेब चुकीचा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण १९७१ चा तो डिसेंबर मला माहीत आहे. जॅकलिनच्या बोटांत बळ आले होते आणि सर्वांना वाटले होते की संकट टळले. तिच्याजवळ औषधच नव्हते. ताईजवळ आहे, आणि ज्या वयात ते सर्वांत अधिक उपयोगी पडते, नेमके तेच तिचे वय आहे. हे वय पुन्हा येणार नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले शिकणारे आहोत. उद्या तुमच्याही हाती कोणी असा कागद देईल. तेव्हा न कळल्याची लाज बाळगू नका, विचारा. आणि तरुण माणूस वारंवार पडतो, त्याला दिसत नाही, हातापायांत दिवसेंदिवस मुंग्या राहतात, तर त्याला नखरेल किंवा आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांकडे न्या. आपोआप बरे झाले तरी न्या.

आपल्या नवापूर स्टेशनाचे सगळ्यांना कौतुक. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. एकाच बाकावर बसून माणूस दोन राज्यांत असतो. ताई आज तशाच सीमेवर बसली आहे, दुखणे आणि बरेपण यांच्या मधोमध. पुढच्या महिन्यात तिची सुरतेची तारीख आहे. मामांनी अजून हो म्हटलेले नाही. हा लेख छापून येईल तेव्हा मी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. त्यांनी ऐकले तर गाडीत तिच्या शेजारी मी बसेन, आणि या वेळी कागदावरचा शब्द न् शब्द न अडखळता वाचीन.